एकूण मुलं किती, हयात किती

शाळेत नोकरी करणाऱ्यांच्या कपाळी शिकवण्याखेरीज दोन कामं कायमची लिहिलेली असतात. एक निवडणूक आणि दुसरं जनगणना. निवडणुकीचं काम मला कधी आवडलं नाही. जनगणनेचं मात्र मनापासून आवडायचं. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणना मी केल्या. खांद्याला कापडी पिशवी, त्यात फॉर्मांचा गठ्ठा, दोन पेनं, पाण्याची बाटली, आणि दारोदार जाऊन तेच तेच प्रश्न. कुटुंबप्रमुखाचं नाव काय? तुमचं त्यांच्याशी नातं काय? वय किती पूर्ण?

त्यातला एक प्रश्न विचारताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. १९९१ मध्येही तो होता आणि २००१ मध्येही. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला विचारायचं, आजवर एकूण किती मुलं झाली, आणि त्यातली आज हयात किती? फॉर्मवर फक्त दोन आकडे लिहायचे असत. पण त्या दोन आकड्यांसाठी समोरची बाई किती वेळ घ्यायची! कुणी बोटांवर मोजायची, कुणी सासूकडे बघायची, कुणी चटकन पहिला आकडा सांगून दुसऱ्याला थांबायची. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "बाई, मेलेलं पण लिवतात व्हय सरकार?" मी हो म्हटलं. त्यांनी पदर नीट केला आणि सगळं क्रमाने सांगितलं. मला लिहायचे होते दोन आकडे, मी ऐकून घेतली सात नावं.

हा प्रश्न आयुष्यात पुन्हा समोर येईल असं वाटलं नव्हतं. तो आला अमेरिकेत, १९०० सालच्या एका कागदावर, माझ्या विहीणबाईंच्या पणजीच्या नावापुढे. आजची गोष्ट त्या कागदाची.

माझी मुलगी न्यू हॅम्पशायर राज्यात नॅशुआ नावाच्या गावी राहते. जावई तिथलाच. लग्न ठरलं तेव्हा "मुलगा अमेरिकन आहे" एवढंच आम्ही नातेवाइकांना सांगितलं होतं. पुढे कळलं की त्यात आणखी एक घडी आहे. जावयाच्या आईचं माहेर जवळच्या मँचेस्टर शहरातलं, आणि ती माणसं मूळची कॅनडातली, क्वेबेक प्रांतातली, फ्रेंच बोलणारी. माझी नात मला आजी म्हणते आणि दुसऱ्या आजीला 'मेमे'. मला आधी वाटलं लाडाचं नाव असेल. ते तसं नाही, तिथल्या फ्रेंच-कॅनेडियन घरांत आजीला मेमे आणि आजोबांना पेपे म्हणायची रीतच आहे. भाषा गेली, पण ही दोन नावं मात्र टिकली. आपल्याकडेही परदेशी वाढलेल्या नातवंडांच्या तोंडी शेवटी 'आजी' आणि 'आबा' एवढंच मराठी उरतं, तसंच.

विहीणबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी २०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे सहा महिने राहायला गेले, तेव्हा त्यांनी एक इच्छा बोलून दाखवली. मँचेस्टरच्या दफनभूमीत त्यांच्या पणजोबांची शिळा आहे. तिच्यावर पणजोबांचं पूर्ण नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल. त्याखाली फ्रेंचमध्ये दोन शब्द, 'सों एपूज', म्हणजे 'त्याची पत्नी', आणि तिची दोन सालं. नाव नाही! घरात कुणाला ठाऊकही नाही. म्हणाल्या, "मी जायच्या आधी त्या दगडावर तिचं नाव घालायचं आहे. पण घालू काय?"

नातीने शाळेत फ्रेंच घेतलं होतं, विहीणबाईंना फ्रेंचमध्ये प्रार्थना आणि शंभरपर्यंत अंक येत होते, आणि मला जनगणनेचे फॉर्म वाचता येत होते. अशा तिघी कामाला लागलो.

आधी थोडा इतिहास सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. सन १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन माणसं क्वेबेक सोडून अमेरिकेत आली. कारणं आपल्याला नवी नाहीत. सेंट लॉरेन्स नदीकाठच्या अरुंद, लांबट जमिनी, प्रत्येक घरात दहा-बारा मुलं, वाटण्या होऊन होऊन कमी पडणारी शेतं, कस गेलेली माती आणि डोक्यावर कर्ज. आणि रेल्वेने एक-दीड दिवसावर न्यू इंग्लंडमधल्या कापडगिरण्या: लोवेल, फॉल रिव्हर, वून्सॉकेट, लुइस्टन, मँचेस्टर. मँचेस्टरला मेरीमॅक नदीच्या काठाने अमॉस्कीग कंपनीच्या लाल विटांच्या गिरण्या मैलभर पसरल्या होत्या. ऐन भरात सुमारे सतरा हजार माणसं तिथे कामाला होती, आणि त्यांत फ्रेंच-कॅनेडियन सर्वांत जास्त. नवरा-बायको-मुलं, सगळं घरच्या घर गिरणीत.

हे वाचताना मला मुळीच परकं वाटलं नाही. माझे वडील संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले ते लालबागच्या एका गिरणीत साचेवाले म्हणून. माझं बालपण भोंग्यावर उठण्यात गेलं. गावच्या माणसाने गावच्या माणसाला जॉबरकडे न्यायचं, एका खोलीत पंधरा जणांनी राहायचं, खाणावळीत जेवायचं आणि पैसे गावी पाठवायचे, हे सगळं मी बघितलेलं. मँचेस्टरच्या नदीपलीकडच्या वस्तीत त्या लोकांनी चर्च, शाळा, वर्तमानपत्र आणि पतपेढीसुद्धा काढली. अमेरिकेतली पहिली क्रेडिट युनियन, म्हणजे आपली सहकारी पतपेढीच म्हणा ना, १९०८ साली मँचेस्टरच्या ह्याच गिरणी कामगारांसाठी सुरू झाली. अल्फाँस देजार्दँ नावाच्या क्वेबेकच्या गृहस्थांनी १९०० साली आपल्या लेवी गावी असा प्रयोग केला होता, त्यांनीच येऊन इथे मदत केली. ती जागा आज संग्रहालय आहे. विहीणबाईंनी मला मुद्दाम नेऊन दाखवली.

आता शोधाकडे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. भरलेले मूळ तक्ते ७२ वर्षं बंद ठेवतात आणि मग सर्वांसाठी खुले करतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. कॅनडात ही मुदत ९२ वर्षांची आहे, त्यामुळे तिथले १९३१ चे तक्ते जून २०२३ मध्ये उघडले. घरबसल्या संगणकावर त्या कागदांच्या प्रतिमा दिसतात, पुष्कळशा फुकट.

शोधाचा पहिला नियम म्हणजे जे ठाऊक आहे तिथून मागे जायचं. म्हणून आधी १९५०. त्यात विहीणबाई स्वतःच सापडल्या, सहा वर्षांची मुलगी, जन्म न्यू हॅम्पशायर. ब्याऐंशीच्या बाईंना सहा वर्षांच्या स्वतःला कागदावर भेटताना बघणं ही गंमत काही औरच होती. मग १९४०. त्या तक्त्यात एक सोय आहे, घरातल्या ज्या माणसाने माहिती दिली त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली असते. विहीणबाईंच्या वडिलांच्या नावापुढे ती फुली होती. व्यवसाय, बुटांचा कारखाना. अमॉस्कीग १९३५ मध्ये बंद पडली होती, हे लक्षात घेतलं की त्या एका शब्दात सगळी कहाणी येते. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीतल्या पुरुषांचे व्यवसाय असेच बदलले होते. कालचा साचेवाला आज भाजीची गाडी लावतो.

मग १९३०. आणि तिथे त्या पहिल्यांदा दिसल्या. कुटुंबप्रमुखाची आई, विधवा, वय ६९. जन्मस्थळ 'कॅनडा-फ्रेंच'. इंग्रजी बोलता येतं का? नाही. नाव, 'मेरी'.

नातीला आनंद झाला, "आजी, मिळालं!" पण विहीणबाई हसल्या. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्यात सगळ्याच मेरी." क्वेबेकच्या कॅथलिक घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलीच्या नावाआधी मारी आणि मुलाच्या नावाआधी जोझेफ लावायची पद्धत होती. खरं हाक मारायचं नाव त्यापुढचं. अमेरिकन प्रगणकाने पुढचं नाव सोडून दिलं आणि मारीची मेरी केली. मृत्यूच्या दाखल्यावरही काही हाती लागलं नाही. माहिती सुनेने दिली होती, आणि वडिलांचं नाव, आईचं नाव या दोन्ही जागी 'माहीत नाही' असं लिहिलेलं.

आडनावांचा घोटाळा तर विचारूच नका. हे लोक आगबोटीने न येता रेल्वेने सरहद्द ओलांडून आले. त्या सरहद्दीवर येणाऱ्यांच्या पद्धतशीर याद्या १८९५ पासूनच्या मिळतात. त्यामुळे आधी आलेल्यांसाठी जनगणना हाच मोठा आधार. आणि प्रगणक तर कानाने ऐकून लिहिणारा, इंग्रजी कानाचा. बेन्वा हे आडनाव तो 'बेनवे' लिहितो, आर्शांबोचं 'शांबो' करतो, गोत्येचं चक्क 'गोकी'! काहींनी स्वतःच भाषांतर केलं. ब्वाव्हेर म्हणजे हिरवं रान, झाले ग्रीनवुड. लब्लाँ झाले व्हाइट. रुआ म्हणजे राजा, झाले किंग. त्यात आणखी एक 'दि' प्रकरण. फ्रेंच सैनिकांना टोपणनावं असत, ती आडनावाला 'दि' लावून चिकटली, जसं इदों दि बोल्यू. म्हणजे आपलं 'ऊर्फ'. पुढच्या पिढीत एक भाऊ पहिलं आडनाव लावतो, दुसरा ऊर्फवालं. आपल्याकडे एकाच घराण्यात कुणी गावावरून '-कर' आणि कुणी वतनावरून कुलकर्णी, तसंच.

इथे माझ्या मराठीचा उपयोग झाला, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. फ्रेंच स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं मुकी असतात आणि त्यांनी डोळ्यांची दिशाभूल होते. मी विहीणबाईंना आडनाव उच्चारायला सांगायची आणि देवनागरीत लिहून घ्यायची. देवनागरीत मुकं अक्षर लिहायची सोयच नाही! मग नात त्या उच्चाराची इंग्रजी स्पेलिंगं जुळवून शोधायची. पाच-सहा तऱ्हा केल्यावर घराणं सापडायचं. (त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही, तसं कबूल केलं आहे.)

नंतर कळलं की अमेरिकन लोकांनीही हाच विचार केला होता. रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ मध्ये 'साउंडेक्स' या पद्धतीचं पेटंट घेतलं. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर सोडून द्यायचे आणि सारख्या वाटणाऱ्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. बी, एफ, पी, व्ही या सगळ्यांना १. मी नातीला म्हटलं, "हे आमचं ओष्ठ्य! पाणिनीच्या काळापासून मुलांना पाठ आहे." ती म्हणाली, "आजी, तुम्ही पेटंट घ्यायला हवं होतं."

असो. १९२० आणि १९१० चे तक्ते सापडले. १९१० च्या तक्त्यात इंग्रजी येत नसेल तर कोणती भाषा बोलता असा प्रश्न होता. त्यांच्यापुढे 'फ्रेंच'. म्हणजे १९१० मध्ये नाही आणि वीस वर्षांनी १९३० मध्येही नाही. बाईंनी जन्म मँचेस्टरमध्ये काढला पण इंग्रजी बोलल्या नाहीत. माझी आजी मुंबईत तीस वर्षं राहून भय्याकडून दूध संगमेश्वरी बोलीतच घ्यायची, आणि भय्याच ती बोली शिकला, ते आठवलं.

मग आलं १९००. या तक्त्यात पूर्वी किंवा नंतर क्वचितच मिळेल एवढी माहिती आहे. जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, अमेरिकेत कोणत्या साली आलात, वाचता येतं का, लिहिता येतं का. नातीने प्रतिमा मोठी केली. झरझर लिहिलेलं तिरकं अक्षर. जन्म १८६१. लग्नाला २१ वर्षं. येण्याचं साल १८८७. वाचता येतं, नाही. लिहिता येतं, नाही.

आणि मधले दोन रकाने. एकूण मुलं, ११. हयात, ६.

मला क्षणभर आपण कुठे बसलो आहोत ते कळेना. तोच प्रश्न, तेच दोन आकडे. ९१ वर्षं मागचे, दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या प्रगणकाच्या हातचे. अकरा लिहायला त्याला एक क्षण लागला असेल आणि सहा लिहायला आणखी एक. त्या बाईला किती वेळ लागला असेल? आणि प्रश्न तरी कसा कळला असेल? तिला इंग्रजी येत नव्हतं. बहुधा घरातल्या कुठल्यातरी मुलाने मध्ये उभं राहून विचारला असेल, "आई, आपल्यातली किती गेली?"

नात सोळा वर्षांची. तिने घरातली नावं मोजली. पाच मुलं, सहावी लग्न झालेली मुलगी त्याच कागदावर दोन घरं सोडून. तिने विचारलं, "मग बाकीची पाच कुठे आहेत?" विहीणबाई काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "शोधू."

त्याच कागदावर विहीणबाईंचे आजोबा होते. जन्म मार्च १८८६, वय १४, व्यवसाय 'डॉफर, कापडगिरणी'. डॉफर म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणारं पोर. अशा पोरांचे फोटो लुइस हाइनने पुढे १९०९ मध्ये मँचेस्टरला येऊन काढले, ते प्रसिद्ध आहेत.

यापुढचा टप्पा १८९० चा हवा. तो मिळत नाही, कुणालाच मिळत नाही. १८९० चे तक्ते वॉशिंग्टनमध्ये व्यापार खात्याच्या इमारतीच्या तळघरात ठेवले होते. १९२१ च्या जानेवारीत तिथे आग लागली. काही जळले, काही पाण्याने भिजले, आणि उरलेले नष्ट करायला काँग्रेसने १९३३ मध्ये परवानगी दिली. सहा कोटींहून जास्त माणसांच्या नोंदी होत्या, त्यातली जेमतेम सहा हजार नावं आज शिल्लक आहेत.

या १८९० च्या गणनेशी एक नाव जोडलेलं आहे, कॅरल राइट. हे गृहस्थ मॅसॅच्युसेट्सच्या कामगार-सांख्यिकी खात्याचे प्रमुख असताना त्यांच्या १८८१ च्या अहवालात फ्रेंच-कॅनेडियन लोकांना 'पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी' ठरवलं गेलं. म्हणजे ही माणसं इथे राहायला येत नाहीत, नागरिक होत नाहीत, मुलांना शाळेऐवजी गिरणीत घालतात, पैसे गाठीला बांधून परत जातात. चिन्यांना देशबंदी करणारा कायदा पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये झाला, म्हणजे ही तुलना किती झोंबणारी होती ते कळेल. लोक खवळले. ऑक्टोबर १८८१ मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांनी बॉस्टनला जाऊन सुनावणीत आपली बाजू मांडली. हेच राइट पुढे १८९३ पासून १८९० च्या जनगणनेचं उरलेलं काम पुरं करायला नेमले गेले. मोजणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर मोजलेल्याची किंमत ठरते, हे मी तीन जनगणना केल्यामुळे सांगू शकते. रकाना कोराच असतो, मत आपलं असतं.

आमच्या कामाला मात्र १८९० नव्हतं तरी अडलं नाही. माणसं १८८७ ला आली, म्हणजे १८८१ मध्ये क्वेबेकमध्येच असणार. कॅनडाची १८८१ ची जनगणना उघडली. नवऱ्याचं नाव, वय, थोरल्या मुलीचं नाव यांवरून चार दिवस शोधलं. शेवटी निकोले परगण्यातल्या एका गावात ते घर सापडलं. नवरा, वय २४. तान्ही मुलगी. आणि दोघांच्या मध्ये वीस वर्षांची एक बाई, पण आडनाव वेगळंच!

नातीला वाटलं घरात कुणी पाहुणी असावी. विहीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. त्यांच्या लक्षात आलं. क्वेबेकमध्ये बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्या नावानेच राहते. चर्चच्या वहीत तशीच, आणि त्या काळच्या जनगणनेतही पुष्कळ गावी तशीच. (तिथे १९८१ पासून तर कायद्यानेच लग्नानंतर नाव बदलत नाही.) म्हणजे सरहद्द ओलांडण्याआधी या बाईला स्वतःचं पूर्ण नाव होतं. ओलांडल्यावर ती 'मेरी' झाली, आणि दगडावर तर तेवढीही उरली नाही.

एका कागदावर विसंबू नये, हे मी मुलांना नेहमी सांगत आले. म्हणून आणखी पुरावा बघितला. मँचेस्टरलाच अमेरिकन-कॅनेडियन जिनिऑलॉजिकल सोसायटीचं वाचनालय आहे, तिथे क्वेबेकच्या चर्चमधल्या लग्नांच्या सूच्या आहेत. क्वेबेकच्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी सतराव्या शतकापासून ठेवल्या. एक प्रत चर्चमध्ये, एक न्यायालयात. लग्नाच्या नोंदीत वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव धरून. १८७९ चं ते लग्न सापडलं. आडनाव तेच. पुढे विहीणबाईंच्या आजोबांच्या मँचेस्टरमधल्या लग्नाच्या नोंदीत आईचं नाव तेच. तीन साक्षीदार झाले.

१८७९ च्या नोंदीच्या शेवटी फ्रेंचमध्ये एक ओळ होती. नातीने वाचून अर्थ सांगितला, वधूवरांना सही करता आली नाही. मी माझ्या आजीचा निळा अंगठा आठवत बसले.

मग त्याच गावच्या वहीत मुलं शोधली. विहीणबाईंचे आजोबा सापडले, पण जन्म मार्च १८८७! जनगणनेत १८८६. म्हणजे १९०० च्या जून महिन्यात ते चौदाचे नव्हते, तेराचे होते. नातीला वाटलं प्रगणक चुकला. मला तसं वाटत नाही. गिरणीत एक वय सांगितलं असेल तर सरकारी माणसाला दुसरं सांगायचं धाडस कोण करील? जनगणनेची माहिती बाहेर जात नाही हे आम्हीही दारोदार सांगायचो, आणि लोक मान हलवून आपल्या सोयीचंच वय सांगायचे. चूल त्यावर पेटत होती. अकरातली सहा राखलेल्या बाईने सहाव्याच्या वयात एक वर्ष घातलं, एवढंच.

पाचांपैकी तिघांच्या दफनाच्या नोंदी त्याच वहीत मिळाल्या. एक तीन दिवसांचं, एक सात महिन्यांचं, एक दोन वर्षांची मुलगी. मुलीच्या नंतर झालेल्या बाळाला तिचंच नाव पुन्हा ठेवलेलं. अशी रीत त्यांच्यात पुष्कळ होती. उरलेली दोघं मँचेस्टरच्या चर्चच्या नोंदीत निघाली, दोन्ही एकाच हिवाळ्यातली, अठरा दिवसांच्या अंतराने. विहीणबाईंनी पाचही नावं स्वतःच्या हाताने एका कागदावर उतरवली, सावकाश, आणि प्रत्येक नाव लिहिताना ते मोठ्याने उच्चारलं. फ्रेंच उच्चाराने. लहानपणी त्यांच्या आईने घराबाहेर फ्रेंच बोलायचं नाही अशी ताकीद दिलेली होती, लोक नावं ठेवतात म्हणून. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी मोकळा वाटला.

नातीला आता पुढे जायचं होतं. क्वेबेकची घराणी लग्नाच्या नोंदींवरून साखळीसारखी मागे नेता येतात. १६६६ मध्ये झाँ तालोंने तिथली पहिली जनगणना केली, सगळी वसाहत मिळून माणसं ३,२१५. "तिथपर्यंत जाऊ या!" ती म्हणत होती. विहीणबाई म्हणाल्या, "तू जा. मला एकच बाई हवी होती."

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आधी, दगडावर नाव घातलं. 'सों एपूज' हे शब्द तसेच ठेवले, त्याखाली तिचं नाव आणि माहेरचं आडनाव. नाव इथे लिहीत नाही. ते आता त्याच्या जागी आहे.

परत आल्यावर मी आपल्याकडचा विचार करू लागले. १८८१ साली, ज्या वर्षी निकोले परगण्यात ती वीस वर्षांची बाई मोजली गेली, त्याच वर्षी फेब्रुवारीत हिंदुस्थानातही जनगणना झाली. संगमेश्वरात माझ्या घरची माणसंही कुणीतरी मोजली असणार. पण आपल्याकडे आकडे राहिले, नावं राहिली नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने भरलेला फॉर्म कुणालाही पाहता येत नाही. त्यात एक शहाणपणही आहे. आपल्या देशात नाव, धर्म, जात, घर यांची यादी कुणाच्या हाती पडली तर काय होईल हे सांगायला नको. तरी मला त्या सात नावं सांगणाऱ्या आजी आठवतात. माझ्या हातून त्यांचे फक्त दोन आकडे दिल्लीला गेले. फॉर्ममध्ये जागाच तेवढी होती.

नाशिकला उपाध्यांच्या वह्या असतात, म्हणून भाच्याला पाठवलं. माझे वडील आजीच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले होते. नोंद मिळाली! वडिलांच्या हातची सही, गाव, कूळ, भावांची नावं, मुलांची नावं. आणि 'मातोश्री' म्हणून आजीचं नाव, पण सासरचं. माहेरचं आडनाव नाही, गाव नाही. आणि आमच्याकडे तर लग्नात तांदळात नवं नाव लिहून मुलीचं पाळण्यातलं नावही पुसून टाकतात. आजीला लहानपणी काय हाक मारत, हे सांगणारं आता कुणीही उरलेलं नाही. मीच घरात सर्वांत मोठी.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख २०२५ साली जाहीर झाली. माहिती या वेळी मोबाइलवर भरायची आहे. माझ्यासारखीच कुणी शिक्षिका दारात येईल, तिला मी पाणी देईन आणि सगळं सांगेन. पण तेवढ्यावर राहायचं नाही असं ठरवलं आहे. एक दोनशे पानी वही आणली आहे. आईचं, सासूबाईंचं, दोन्ही काकूंचं, आत्याचं, जावांचं, प्रत्येकीचं पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव, गाव, आणि झालेली सगळी मुलं, राहिलेली आणि गेलेलीही, असं लिहायला घेतलं आहे. थोरल्या जावेला फोन केला तर ती अर्धा तास बोलत होती. म्हणाली, "हे मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं गं."

तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढची बाई असेल तर तिच्याजवळ आजच बसा. प्रश्न साधे आहेत, फॉर्म लागत नाही.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आजीचा रकाना आहे. सासरचं नाव लिहिलं आहे. त्याच्या वरची ओळ मोकळी ठेवली आहे.